खाण्याचा धंदा वाशीत काढताना : अनामत नंतर, कागद आधी

मागच्या महिन्यात एक तरुण प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आमच्याकडे आला. घरचे मूळ रायगड जिल्ह्यातले, मोठा भाऊ आखातात नोकरीला. भावाने पाठवलेल्या रकमेतून त्याने वाशीत बिर्याणीचे एक चालू दुकान घेतले होते. गाळ्याची अनामत वेगळी, देगा-भट्टीचे पैसे वेगळे आणि 'फूड लायसन्ससकट' म्हणून आणखी ऐंशी हजार रुपये त्याने जुन्या चालकाला मोजले. भिंतीवर काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र लावलेले होते, त्यावर चौदा आकडी क्रमांक होता, मुदतही शिल्लक होती. तीन महिने धंदा बरा चालला. मग अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीला आले. त्यांनी चौकटीतले नाव वाचले, गल्ल्यावर बसलेल्या माणसाचे नाव विचारले आणि विचारणा केली की, हे दुकान बिनपरवाना कसे चालू आहे?

बिनपरवाना! त्या मुलाला हा शब्द फार लागला. तो म्हणाला, "चाचा, मी तर लायसन्सचे पैसे मोजलेत."

हाच घोळ वाशी, तुर्भे, कोपरखैरणे भागातल्या आणखी कितीतरी बांधवांचा झालेला आम्ही पाहिला आहे, म्हणून आजचा लेख त्यावरच. अन्नाचा परवाना हा पागडीसारखा हातोहात फिरणारा हक्क नाही. तो एका माणसाच्या अथवा एका फर्मच्या नावावर, एका जागेसाठी आणि ठरावीक प्रकारच्या कामासाठी दिलेला असतो. तो विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, दुसऱ्या सेक्टरात उचलून नेता येत नाही. कायद्याने सवलत ठेवली आहे ती एकाच प्रसंगी. परवानाधारकाचा मृत्यू झाला तर त्याच्या वारसांना नव्वद दिवस त्याच परवान्यावर धंदा चालवता येतो आणि तेवढ्यात त्यांनी आपल्या नावे अर्ज करायचा असतो. ज्या घरांत वडिलांच्या नावावर बेकरी अथवा खानावळ आहे, त्यांनी हे नव्वद दिवस ध्यानात ठेवावेत. दुखवट्याच्या दिवसांत कुणाला फॉर्म सुचत नाहीत, हे आम्हीही जाणतो. पण घरातल्या एखाद्या जाणत्याने तेवढे पाहावे.

थोडे कायद्याचे. आपल्या वडीलधाऱ्यांना १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा माहीत असे आणि 'फूड इन्स्पेक्टर' हा शब्दही. त्या कायद्याचा सारा रोख भेसळ पकडण्यावर होता. त्याच्या जागी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आला आणि परवाना-नोंदणीची नियमावली ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाली. आता अन्न बनवणारा, साठवणारा, पॅक करणारा, वाहून नेणारा, विकणारा, अगदी कोपऱ्यावर सामोसे तळणारासुद्धा, धंदा सुरू करण्यापूर्वी नोंद झालेला असला पाहिजे. बिनपरवाना धंद्याचा दंड लाखांच्या भाषेत लिहिलेला आहे. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते आणि पूर्वीच्या इन्स्पेक्टरला आता अन्न सुरक्षा अधिकारी म्हणतात.

पुष्कळ जण म्हणतात, "आमचा गुमास्ता आहे, मग झाले की." झाले नाही. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याचा कागद. १९४८ च्या जुन्या कायद्याऐवजी महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आला आणि थोडक्या माणसांच्या दुकानाला आता केवळ ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यावी लागते. तो कागद कामगारांचे तास, रजा, पगार यांच्याशी संबंधित आहे. बँकेत चालू खाते उघडायला तो लागतो, म्हणून जरूर घ्या. पण त्याच्या जोरावर बिर्याणी शिजवता येत नाही. 'उद्यम' नोंदणीचेही तसेच. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, ती करून ठेवावी. परंतु तो काही अन्नाचा परवाना नव्हे.

आता वाशीच्या जागेकडे वळू, कारण खरे पैसे अडकतात ते इथेच.

वाशी हे गावठाण वगळता आखून वसवलेले शहर. सिडको १९७० साली स्थापन झाली, तिने सेक्टर पाडले, भूखंड भाडेपट्ट्याने दिले. मस्जिद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट इथले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने इकडे आले. कांदा-बटाटा १९८१ साली, पुढे नव्वदीच्या सुमारास मसाला व धान्य, १९९६ मध्ये भाजी व फळे. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. ही हकीगत सांगण्याचे कारण असे की, मुंबईच्या जुन्या वस्तीत खाली दुकान, मागे भटारखाना, वर घर असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. वाशीत प्रत्येक जागेचा वापर कागदावर लिहिलेला आहे. अमुक गाळा दुकानाचा, अमुक सदनिका राहण्याची, अमुक भूखंड गोदामाचा. राहण्याच्या जागेत मोठी भट्टी लावली, तर शेजाऱ्याच्या एका तक्रारीवर महापालिका दारात उभी राहते.

म्हणून गाळा आवडला की आधी मालकाकडे तीन गोष्टी मागाव्यात : सिडकोचा करारनामा अथवा वाटपपत्र, त्यावर लिहिलेला वापर आणि इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र. मालक म्हणेल, "इथे वीस वर्षे हॉटेल आहे." असेल. वीस वर्षे चालू असणे आणि कागदोपत्री मंजूर असणे यांत फरक आहे, आणि तो फरक नव्या चालकाच्या गळ्यात पडतो. मग सोसायटीचे ना-हरकत पत्र. यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. धूर बाहेर न्यायची चिमणी कोणत्या भिंतीवरून, कुठवर चढवणार, हे त्या पत्रात लिहून घ्यावे. चिमणीवरून झालेली भांडणे आम्ही जितकी पाहिली तितकी भाड्यावरून नाही पाहिली. महापालिकेचा व्यवसाय परवाना आणि अग्निशमन विभागाचे ना-हरकत या जागेला मिळेल का, याची चौकशी विभाग कार्यालयात स्वतः जाऊन करावी. दलाल सांगेल की "सगळे सेट आहे." सेट असेल तर लेखी द्यायला त्याला अडचण नसावी.

वाशीचा आणखी एक खास सापळा म्हणजे दुकानापुढची मोकळी जागा, जिला सगळे 'मार्जिनल स्पेस' म्हणतात. गाळा दाखवताना मालक तिथे मांडलेली चार टेबले, तंदूर, शोरमाची मशीन हे सारे दाखवतो आणि भाडे त्या हिशेबाने सांगतो. ती जागा मोकळी ठेवण्यासाठीच सोडलेली असते. महापालिकेची गाडी येते तेव्हा तंदूर आणि टेबले तुमची उचलली जातात, मालकाचे काही जात नाही. भाडे ठरवताना फक्त शटरच्या आतला भाग मोजा. आत दहा माणसे बसत असतील तर दहाचाच धंदा धरा.

जागेचा करार नोंदणीकृत असावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदवलेला असणे बंधनकारक केले आहे, आणि परवान्याच्या अर्जाला जागेचा पुरावा म्हणून तोच जोडायचा असतो. कराराआधी बयाणा द्यावाच लागला तर पावतीवर एक ओळ लिहून घ्यावी : "सदर जागेस खाद्यव्यवसायाचा परवाना जागेच्या कारणास्तव नाकारला गेल्यास बयाण्याची रक्कम परत केली जाईल." मालक कां-कूं करू लागला तर समजावे की त्याला काहीतरी माहीत आहे.

पत्त्याविषयी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. 'नवी मुंबई' हे नाव दोन जिल्ह्यांवर पसरलेले आहे. वाशी, सानपाडा, नेरूळ, ऐरोली हा भाग ठाणे जिल्ह्यात आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजे रायगड जिल्ह्यात आहेत आणि तिथे २०१६ पासून पनवेल महानगरपालिका आहे. अर्जात जिल्हा चुकला की अर्ज भलत्याच कार्यालयात जाऊन पडतो. दुकान वाशीत आणि भटारखाना तळोज्यात असेल, तर दोन जागा, दोन परवाने. बाजार आवारात गोदाम घेतले तर तेही तिसरे. एकाच जागेत दोन-तीन प्रकारची कामे असतील तर मात्र एका परवान्यात ती सगळी दाखवता येतात.

आता नोंदणी करायची की परवाना घ्यायचा? लहान धंद्याला नोंदणी, त्याहून मोठ्याला राज्याचा परवाना, फार मोठ्याला आणि परदेशातून माल आणणाऱ्याला केंद्राचा परवाना, अशी पायरी आहे. २०११ च्या नियमावलीने लहान-मोठ्याची रेषा वार्षिक १२ लाख रुपयांच्या उलाढालीवर आखली. अशा रेषा अधूनमधून वर सरकवल्या जातात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी संकेतस्थळावर दाखवलेला आकडा प्रमाण मानावा. पण हिशेब कसा करायचा हे एकदा शिकून घ्या, कारण उलाढाल म्हणजे नफा असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. उलाढाल म्हणजे गल्ल्यात आलेली सगळी रक्कम. १२ लाख म्हणजे दिवसाला सुमारे ३,३०० रुपये. आमच्याकडे आलेल्या त्या तरुणाचे उदाहरण घेऊ. दिवसाला ६० प्लेट, प्लेट १५० रुपये, म्हणजे ९,००० रुपये. महिन्याला २६ दिवस धरले तर २,३४,०००. वर्षाला २८ लाख ८ हजार. गोश्त, तांदूळ, भाडे, पगार वजा जाता त्याच्या हातात किती उरते हा त्याचा खासगी प्रश्न. फॉर्ममध्ये २८ लाख लिहायचे. पूर्वी रोकड्याचा धंदा असताना आकडा कमी दाखवून लोक निभावून नेत. आता क्यूआर कोडवरची प्रत्येक प्लेट बँकेच्या पासबुकात उतरते.

याच आकड्यावरून जीएसटीही पाहून घ्या. शिजवून वाढणे हे जीएसटीच्या लेखी सेवेत मोडते, म्हणून महाराष्ट्रात खानावळीला २० लाखांची मर्यादा आहे. केवळ मालाची विक्री करणाऱ्याला ४० लाख. दोन्ही मर्यादा एकाच पॅनवरच्या सगळ्या धंद्यांची बेरीज करून मोजतात. दीड कोटीपर्यंतच्या खानावळीला कंपोझिशन योजनेत ५ टक्के भरून मोकळे होता येते, मात्र तो कर गिऱ्हाइकाकडून बिलात वेगळा घेता येत नाही. घरपोच ॲपवरून जाणाऱ्या शिजवलेल्या जेवणाचा जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ॲपवाली कंपनीच भरते. बाकी तपशील आपल्या हिशेबनिसाकडून समजून घ्यावा, इथे विस्तार करत नाही.

नियमावलीतली लहान धंद्याची व्याख्या मात्र आपल्या कारागिरांनी नीट पाहावी, कारण ती केवळ रुपयांत नाही. फेरीवाला, फिरता विक्रेता, तात्पुरता स्टॉल मांडणारा हे सगळे नोंदणीत येतात. रमजानमध्ये महिनाभर मालपोवा, फिरनी, कबाब यांचा स्टॉल लावणारे आपले भाऊ यातच मोडतात. "एक महिन्याचाच तर धंदा" ही सबब तिथे चालत नाही. धार्मिक अथवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यांचाही उल्लेख आहे, फक्त केटरर त्यातून वगळला आहे. २०११ च्या मजकुरात दूध व मांस सोडून इतर पदार्थ बनवणाऱ्याला दिवसाला १०० किलोची मर्यादा घातली होती. कत्तलीच्या बाबतीत दिवसाला २ मोठी जनावरे, १० लहान जनावरे अथवा ५० कोंबड्या, इथपर्यंत लहान. जुम्याला आणि रविवारी कोंबडीच्या दुकानात काय खप असतो हे आम्ही सांगायला नको. त्यांनी नोंदणीवर विसंबून राहू नये. मांसाच्या दुकानाला महापालिकेचे ना-हरकत पत्र वेगळे लागते आणि ते मिळायला वेळ लागतो, म्हणून त्याची सुरुवात सगळ्यात आधी करावी.

मसाला बाजाराशी संबंध असलेल्यांसाठी चार ओळी वेगळ्या. घाऊक बाजारातून खजुराची पेटी, काजूचा डबा, मिरचीचे पोते उचलायचे, घरी अथवा गाळ्यात पाव-पाव किलोच्या पाकिटांत भरायचे, त्यावर आपल्या नावाचा छाप मारायचा, असे काम आपल्या पुष्कळ कुटुंबांतून चालते. बायाबापड्यांना त्यातून रोजी मिळते. पण अर्जात ही मंडळी आपला धंदा 'किरकोळ विक्री' असा लिहितात. तो तसा नाही. तो पुन्हा पॅकिंग करण्याचा धंदा आहे आणि त्याचा रकाना वेगळा आहे. पाकीट तुमचे झाले की जबाबदारीही तुमची झाली. पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावे ती तारीख, बॅच नंबर, तुमचे नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, अन्न परवान्याचा क्रमांक आणि शाकाहार-मांसाहाराची खूण हवी. शाकाहाराला हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका; मांसाहाराला आता तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण आहे, जुना गोल ठिपका छापू नका. वजनमापे खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी ही आणखी निराळी. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत तिचा अर्ज करायचा असतो. आणि मसाल्याच्या भुकटीत वरून रंग घालण्यास मनाई आहे. मिरची फिकी दिसते म्हणून रंग मारणाऱ्याला गिऱ्हाईक कदाचित माफ करील, प्रयोगशाळा करीत नाही. शिजवलेल्या पदार्थांतल्या रंगाकडेही लक्ष वळले आहे. कर्नाटक सरकारने २०२४ साली गोबी मंच्युरियन आणि कबाबांतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. लालभडक कबाब म्हणजे चांगला कबाब ही समजूत सोडायची वेळ आली आहे.

अर्ज कसा करायचा? 'फॉसकॉस' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर, स्वतः. २०२० पासून जुन्या व्यवस्थेच्या जागी हेच चालते. इथे आम्ही वाचकांना हात जोडून सांगतो की मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचा द्या. एजंट आपला नंबर टाकतो. मग कार्यालयाने काढलेली त्रुटी त्याच्या फोनवर जाते, शुल्काची आठवण त्याच्या फोनवर जाते, पासवर्ड त्याच्याकडे. तो नंबर बदलला अथवा तुमच्याशी बिघडले की तुमचा परवाना तुमच्याच हातात राहत नाही. शिवाय सरकारी वाटावीत अशी रंगरूपाची खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. २०११ च्या नियमावलीने नोंदणीचे शुल्क वर्षाला शंभर रुपये ठेवले होते, आणि त्यासाठी चार-पाच हजार मोजून आलेले लोक आम्ही पाहिले आहेत. घरातल्या बारावीच्या मुलीला अगर मुलाला शेजारी बसवा. फॉर्म मराठी शाळेत शिकलेल्या पोराला जमण्यासारखा आहे.

नोंदणीला फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा एवढ्यावर भागते. परवान्याला कागद अधिक लागतात : भागीदार अथवा मालकांची यादी, जबाबदार व्यक्तीचे नेमणूकपत्र, अन्न सुरक्षेची योजना, पाण्याचा तपासणी अहवाल, बनवण्याचा धंदा असेल तर जागेचा नकाशा आणि यंत्रांची यादी. पाण्याच्या अहवालावर लोक अडतात. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना द्या, काही दिवस लागतात, म्हणून करार होताच पहिले काम ते करा. कार्यालयाने त्रुटी काढली तर तीस दिवसांत उत्तर द्यायचे, नाही तर अर्ज निकालात निघतो. नियमावलीने कार्यालयालाही मुदत घातलेली आहे. नोंदणीच्या अर्जावर सात दिवसांत मंजुरी, नकार अथवा तपासणीची सूचना यायला हवी. तीस दिवसांतही निर्णय कळवला नाही तर अर्जदार धंदा सुरू करू शकतो. परवान्यासाठी ही मुदत साठ दिवसांची. या दिवसांचे भाडे तुमच्याच खिशातून जाणार, तेव्हा ते भांडवलात आधीच धरा. मालकाकडून सुरुवातीच्या दोन महिन्यांची भाडेमाफी मागायची असेल तर ती करार होण्याआधी मागता येते, नंतर नाही.

प्रमाणपत्र आले की ते दर्शनी भागात लावायचे. १ जानेवारी २०२२ पासून चौदा आकडी क्रमांक बिलावर छापणेही सक्तीचे आहे. कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वराची लस, तिचे दाखले फाइलला. तळणीचे तेल दिवस-दिवस वापरणाऱ्यांसाठी १ जुलै २०१८ पासून नियम आहे. तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल फेकायचे. ते मोजायचे लहान यंत्र अधिकाऱ्यांकडे असते. मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावे' ही तारीख १ ऑक्टोबर २०२० पासून. गॅसच्या व्यापारी टाक्या १९ किलोच्या असतात. एकूण १०० किलोपेक्षा अधिक गॅस साठवायचा तर वेगळा परवाना लागतो, म्हणजे रिकाम्या सोडून पाच टाक्यांवर सहावी आणू नये.

हलालच्या पाटीविषयी आम्हाला वारंवार विचारतात. अन्नाचा सरकारी परवाना देताना हलालचे प्रमाणपत्र कोणी मागत नाही. भारतात ते खासगी संस्था देतात आणि घेणे ऐच्छिक आहे. पण एखाद्या संस्थेचा शिक्का पाटीवर अथवा पाकिटावर छापायचा असेल तर तिचे चालू प्रमाणपत्र जवळ हवे. गोश्त कुठून आणता त्याची बिले तारीखवार ठेवा. गिऱ्हाईक तुमच्या शब्दावर खातो, आणि तो शब्द दाखवायला कागद असला तर तुमचाच मान राहतो. अन्नाबाबत दिशाभूल करणारा दावा हा अन्न कायद्याखालीही गुन्हा आहे.

तपासणीला अधिकारी आले की शटर ओढून घ्यायची सवय काही जणांना आहे. तसे करू नका. नमुना घेतला तर त्याची किंमत मागा, ती द्यावी लागते. नमुन्याचे चार भाग करतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी दुकानदार करू शकतो. त्याचा खर्च तुमचा, पण ही मागणी त्याच वेळी, लेखी केली पाहिजे. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तो तुमच्या विरुद्ध गेला तर तीस दिवसांत अपील करता येते. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त असणे किती महत्त्वाचे आहे, ते मॅगीच्या प्रकरणात दिसले. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला, त्यात कंपनीला बाजू मांडू दिली नाही हे एक कारण होते आणि तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत झाली नाही हे दुसरे. मोठ्या कंपनीला मिळालेला न्याय लहान दुकानदाराच्या कामी येतो, फक्त त्याला आपला हक्क माहीत हवा. जागेत उणिवा दिसल्या तर सहसा आधी सुधारणा नोटीस मिळते आणि तीत किमान चौदा दिवसांची मुदत असते. त्या चौदा दिवसांत फरशी, जाळ्या, झाकणे दुरुस्त करा, आधी-नंतरचे फोटो काढा, उत्तर पोच घेऊन द्या.

आता त्या तरुणाचे. आम्ही त्याला दुकान बंद ठेवून स्वतःच्या नावे अर्ज करायला सांगितले. जुन्या चालकाला लेखी कळवले की त्याने आपला परवाना त्या जागेवरून परत करावा, कारण एकाच गाळ्यावर दोन नावे अर्जात अडचण करतात. ऐंशी हजारांची पावती नव्हती. त्यातले काही परत येईल असे आम्ही त्याला सांगू शकलो नाही.

अर्ज भरताना दुसराच प्रश्न निघाला. पैसे भावाचे, मेहनत याची. नाव कुणाचे घालायचे? तो म्हणाला, भावाभावांत लिहापढी कसली. आम्ही त्याला भागीदारीचा करार आधी करायला लावला. कारण आज एकट्याच्या नावे परवाना घेतला आणि दोन वर्षांनी भाऊ परत येऊन गल्ल्यावर बसला की फर्म बदलते, पॅन बदलतो आणि परवानाही नव्याने काढावा लागतो. भावाची सही दूतावासात साक्षांकित होऊन यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस शटर बंद होते.